मामांची बोअर आणि हिवरे बाजारचा ताळेबंद



गेल्या महिन्यात मामांचा फोन आला. माझे आजोळ पारनेर तालुक्यातले. "दुसरी बोअरपण आटली रे. तिसरी घ्यायची म्हणतोय. थोडे पैसे पाठवशील का?" आखातात नोकरी करणाऱ्या भाच्याला असे फोन नवीन नाहीत. पण या वेळी "पाठवतो" म्हणताना जीभ जरा अडखळली, कारण त्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार आठवले.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या गावात पाऊस जेमतेम. 1972 च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले, विहिरी कोरड्या पडल्या, माणसे कामासाठी शहरांकडे गेली. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेतून आणि श्रमदानातून डोंगरावर समतल चर खोदले, बंधारे बांधले, झाडे लावली. आता, चर आणि बंधारे कितीतरी गावांत झाले. मग ती गावे पुन्हा टँकरवर का आली?

माझ्या मते फरक नियमांत आहे. हिवरे बाजारात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली. शेतीला बोअरचे पाणी नाही, ऊस आणि केळी नाही. डोंगरावर गुरे सोडायची नाहीत, पण वाढलेले गवत विळ्याने कापून न्यायचे. ज्याने चराई सोडली त्याच्याच गोठ्यात चारा आला, दूध वाढले, म्हणून बंदी टिकली. गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परतलीसुद्धा. (हे वाचताना आपल्यापैकी काहींना थोडे टोचेल, मला तरी टोचले.)

आमच्यासारख्या इंजिनिअर मंडळींना आवडेल अशी गोष्ट म्हणजे तिथला पाण्याचा ताळेबंद. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी. गावचे क्षेत्र साधारण 975 हेक्टर, म्हणजे 300 मिलिमीटर पावसात जवळजवळ 290 कोटी लिटर! त्यातले बरेचसे उडून किंवा वाहून जाते. उरलेल्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग राहील त्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी, तर गहू कमी.

तुम्ही म्हणाल, याचा दोह्याशी काय संबंध? रौदत अल खैल स्ट्रीट सर्वांना माहीत आहे. रौदा म्हणजे वाळवंटातला सखल भाग. वर्षाला शंभर मिलिमीटरही न पडणारा पाऊस आजूबाजूच्या खडकावरून गाळ घेऊन इथे साचतो, जमिनीत मुरतो, आणि गवत उगवते. इथेच सिद्राची झाडे असतात, आपल्या बोरीची सख्खी बहीण! शेतीसाठी उपसा इतका झाला की कतारमधल्या बऱ्याच विहिरींचे पाणी खारे झाले आहे. 1995 चा वनस्पती संरक्षणाचा कायदा आहे, उंटांच्या मोकळ्या चराईवरही सरकारने अनेक वर्षे बंदी घातली. चराईबंदीच, फक्त ग्रामसभेऐवजी मंत्रालयाची.

दोन वर्षांपूर्वी पाऊस पडून गेल्यावर आम्ही चार कुटुंबे पिकनिकला गेलो आणि हिरवळ पाहून गाड्या थेट रौदेत घातल्या. एक वयस्कर कतारी गृहस्थ गाडी थांबवून खाली उतरले. रागावले नाहीत. टायरच्या चाकोरीवर बूट आपटून दाखवला आणि म्हणाले, इथे आता पाणी मुरणार नाही. ओली माती दबून घट्ट होते, एवढे साधे आम्हा चार इंजिनिअरांना सुचले नव्हते. तेव्हापासून गाड्या कच्च्या रस्त्यावरच ठेवतो आणि डबे घेऊन चालत जातो. मुले कुरकुरतात, असो.

मामांना मी विचारले, "तुम्ही तिसरी घेतल्यावर शेजारच्या विहिरीचं काय होईल?" ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याने बोअर घेतली तेव्हा माझी आटली. तेव्हा कोणी विचारलं होतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पैसे अजून पाठवलेले नाहीत. सुट्टीत त्यांना आणि त्या शेजाऱ्यांना एकाच गाडीतून हिवरे बाजारला न्यायचे ठरवले आहे. मामा तयार आहेत, शेजाऱ्यांना विचारणे बाकी आहे.