घरचा चॉकलेट केक मधोमध का बसतो?

मे महिना, दुपारची वेळ आणि संध्याकाळी मुलाचा वाढदिवस. वरणगावच्या एखाद्या घरात केक छान फुगत आलेला असतो. कुणीतरी उत्सुकतेने झाकण काढतं आणि बघता बघता मधोमध खड्डा पडतो! सामान वाया आणि पाहुणे दारात. असं का होतं?

केक फुगतो कसा?

खाण्याच्या सोड्याला आंबट आणि ओलं काही मिळालं की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. त्याचे बुडबुडे उष्णतेने मोठे होतात. मग मैदा शिजून त्यांच्याभोवतीच्या भिंती घट्ट होतात. भिंती कच्च्या असतानाच झाकण उघडलं तर आतली हवा थंड होते, बुडबुडे आक्रसतात आणि केक बसतो. म्हणून पहिली 25 मिनिटं झाकणाला हात लावू नका.

सोडा जास्त झाला तरी हेच होतं. केक भराभर वर येतो, भिंतींना तेवढा वेळ मिळत नाही आणि चवही साबणासारखी लागते.

बिनअंड्याचा, बिनलोण्याचा केक

240 मिलीच्या कपाने दीड कप मैदा, एक कप साखर, तीन मोठे चमचे (प्रत्येकी 15 मिली) बिनसाखरेची कोको पावडर, एक सपाट छोटा चमचा (5 मिली) सोडा आणि अर्धा छोटा चमचा मीठ एकत्र चाळा. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, पाच मोठे चमचे बिनवासाचं तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर आणि थोडा व्हॅनिला इसेन्स घ्या. दोन्ही एकत्र करून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा. फार घोटलं तर केक चिवट होतो.

मिश्रण लगेच भाजायला ठेवा. ढोकळ्यात सोडा घातल्यावर आपण थांबतो का? तसंच इथे.

ओव्हन 180 अंश सेल्सिअसवर आधी तापवून घ्या. आठ इंची डब्यातल्या केकला साधारण 30 ते 35 मिनिटं लागतात, तर कपकेकना 18 ते 20. कपकेक लहान असल्याने उष्णता मध्यापर्यंत लवकर पोचते, म्हणून ते बसण्याची भीतीही कमी. पहिल्यांदाच करत असाल तर तेच करा. साचे दोनतृतीयांशच भरा. कपकेक 15 मिनिटांनंतरच तपासा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा. झाकून दहा मिनिटं तापवा आणि मग मंद आचेवर केक 40 ते 45 मिनिटं भाजा. डबा त्यात मोकळेपणाने बसेल एवढाच घ्या.

झाला की नाही, कसं ओळखायचं?

साधा केक वरून सोनेरी झाला की कळतं. चॉकलेट केक मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवता येत नाही. मध्यभागी टूथपिक खुपसा. ओलं पीठ चिकटलं तर अजून पाच मिनिटं ठेवा. बोटाने हलकं दाबल्यावर केक परत वर आला पाहिजे.

आणि खानदेशी उन्हाळा?

कोकोआ बटर साधारण 34 अंशांना वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो! मग चॉकलेटचा थर घट्ट राहणार कसा? फेटलेलं क्रीमही ओघळतं. म्हणून केक आदल्या रात्री भाजा, पूर्ण गार होऊ द्या आणि झाकून ठेवा. सजावट कापण्याआधी थोडा वेळच करा, तोवर क्रीम फ्रिजमध्ये राहू द्या. वीज जाण्याची धास्ती असेल तर क्रीमच्या फंदात पडू नका. गार झालेल्या केकवर पिठीसाखर भुरभुरली तरी पुरे.

आणि एवढं करूनही खड्डा पडलाच तर? आतून शिजलेला असेल तर केक फेकू नका. कुस्करून वाट्यांमध्ये भरा, वर आइस्क्रीमचा गोळा ठेवा. मुलं आधी वाट्याच संपवतील.