जुन्या संगणकातील अनोळखी मदरबोर्डची ओळख : पद्धती आणि प्रयोजन

बीजसंज्ञा : मदरबोर्ड, चिपसंच, बायोस, जिस्ट, इस्की, निर्लेखन

प्रस्तावना

हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. नाव बदलले तरी गावाचे मूळ त्याच्या जुन्या खुणांतून उलगडत जाते. जुन्या संगणकाचेही काहीसे असेच असते. पेटीच्या दर्शनी भागावरील नाव बहुधा जुळणी करणाऱ्याचे अथवा विक्रेत्याचे असते. आतील मदरबोर्ड मात्र दुसऱ्याच कंपनीने तयार केलेला असतो. महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये 'संगणक, नग १' एवढीच नोंद आढळते आणि निर्लेखनाची वेळ आली की ते यंत्र काय आहे, त्यात काय आहे, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. अशा मदरबोर्डची ओळख कशी पटवावी व ती का पटवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ओळख पटविण्याचे प्रयोजन

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने जिस्ट कार्डाचा प्रसार केला. या तंत्राची पायाभरणी कानपूरच्या आयआयटीत झाली होती. संगणकाच्या आयएसए खाचेत बसणाऱ्या या कार्डामुळे डॉस प्रणालीवर देवनागरीत लिहिणे शक्य झाले. त्यामागील इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. इस्कीमध्ये 'क' या अक्षराचा क्रमांक १७९ आहे. आजच्या युनिकोडमध्ये तो २३२५ आहे. त्यामुळे त्या काळची मराठी फाईल आजच्या संगणकावर जशीच्या तशी उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात. फाईल नष्ट झालेली नसते. तिचे रूपांतर करावे लागते. परंतु त्यासाठी ती प्रथम बाहेर काढता आली पाहिजे.

नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्या काळातील एखाद्या यंत्रात प्रबंधाचे टंकलिखित, गावांच्या सर्वेक्षणाच्या नोंदी किंवा कार्यालयीन पत्रव्यवहार असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अतिशय जुन्या हार्डडिस्क आजच्या यूएसबी जोडणीवर नेहमीच वाचल्या जात नाहीत. काहींना त्यांचे मूळ नियंत्रक कार्डच लागते. म्हणून मदरबोर्डची ओळख हा केवळ छंदाचा विषय नसून दस्तऐवजांच्या जतनाचा प्रश्न आहे.

प्रथम सावधगिरी

यंत्र दिसताच वीजपुरवठा जोडू नये. २८६ ते ४८६ पिढीच्या अनेक बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी झाळलेली असते. कालांतराने तिच्यातील क्षार बाहेर झिरपून तांब्याच्या रेषा खातो. हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय दिसल्यास बॅटरी कापून काढावी, तो भाग सौम्य व्हिनेगरने उदासीन करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा व पूर्ण सुकू द्यावा. या पिढीत वीजपुरवठ्याचे पी-८ व पी-९ असे दोन जोड असतात. ते बसविताना दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी याव्यात. अदलाबदल झाल्यास बोर्ड जळू शकतो.

ओळखीचे टप्पे

पहिला टप्पा आकाराचा. मागील बाजूस कीबोर्डसाठी मोठा गोल पाच पिनांचा एकच जोड असेल तर बोर्ड बहुधा एटी परंपरेतील असतो. हे नाव आयबीएमच्या १९८४ च्या संगणकावरून आले. अनेक जोडांचा एकत्रित संच असल्यास तो सामान्यतः इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेचा असतो.

दुसरा टप्पा खाचांचा. काळ्या लांब खाचा आयएसएच्या. ६२ संपर्कांची एकच खाच ८ बिटांची, तर तिच्यापुढे ३६ संपर्कांचा आणखी तुकडा असल्यास १६ बिटांची. आयएसएला जोडून तपकिरी तुकडा असेल तर तो १९९२ च्या सुमाराचा व्हेसा लोकल बस समजावा. आखूड पांढऱ्या खाचा पीसीआयच्या होत. एजीपी खाच आढळल्यास बोर्ड १९९७ च्या आधीचा सहसा नसतो. मेमरीच्या ३० पिनांच्या पट्ट्या, नंतर ७२ पिनांच्या व पुढे १६८ पिनांच्या, हा क्रमही कालनिर्णयास साहाय्यक ठरतो.

तिसरा टप्पा चिपसंचाचा. प्रोसेसर बदलता येतो, चिपसंच सहसा बदलता येत नाही. म्हणून त्यावरील क्रमांक अधिक विश्वसनीय होय. उदाहरणार्थ, एसआयएस ८५सी४७१ हा ४८६ पिढीचा, तर इंटेल ८२४३७एफएक्स हा १९९५ च्या पेंटियम पिढीचा चिपसंच आहे. मात्र काही स्वस्त बोर्डांवर मूळ छाप झाकून नवे नाव छापलेले असे, याचे भान ठेवावे.

चौथा टप्पा तारखांचा. चिपवर '९४३२' असे चार अंक असतील तर ते बहुधा १९९४ चा ३२ वा आठवडा दर्शवितात. बोर्डावर झाळलेल्या चिपांपैकी जी सर्वांत अलीकडची, तिच्या आधी बोर्डाची जुळणी झालेली नसते.

पाचवा टप्पा बायोसचा. आधीच्या तपासणीत धोका न आढळल्यासच यंत्र सुरू करावे. प्रारंभी पडद्याच्या तळाशी उमटणारी अक्षर-अंकांची ओळ पॉझ कळ दाबून थांबवावी व टिपून घ्यावी. एएमआय बायोसच्या ओळीत तिसऱ्या गटाचे शेवटचे चार अंक निर्मात्याचे असतात. ११३१ म्हणजे एलिटग्रुप. अवॉर्ड बायोसमध्ये '२ए५९आय' ही सुरुवात इंटेल ४३०टीएक्स चिपसंच दर्शविते आणि त्यापुढील 'जी०' ही अक्षरे गिगाबाइट कंपनीची असतात. ही ओळ टोटल हार्डवेअर ९९ किंवा द रेट्रो वेब या संग्रहांतील नोंदींशी ताडून पाहावी.

फसव्या खुणा

'९४व्ही-०' हा बोर्डाचा नमुना क्रमांक नव्हे. तो पटलाच्या ज्वलनरोधकतेचा दर्जा होय. त्याजवळील 'ई' ने सुरू होणारा क्रमांक बहुधा केवळ पटल तयार करणाऱ्याचा असतो. बायोस चिपवरील चिकटपट्टीचा क्रमांक अनेकदा परवान्याचा असतो. ती पट्टी काढूही नये. तिच्याखाली काचेची खिडकी असल्यास अतिनील प्रकाशाने आतील माहिती पुसली जाऊ शकते.

सर्वांत मोठा फसवा पुरावा म्हणजे पेटीवरील नाव. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक प्रकल्पात ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक वापरले गेले. त्यांची भारतीय आवृत्ती सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने युनिकॉर्न या नावाने काढली. तिच्यातील प्रोसेसर ६५०२ आहे. म्हणजे वर सांगितलेले खाचांचे व बायोसचे नियम तिला लागूच पडत नाहीत. म्हणून प्रोसेसर कोणत्या कुळातील आहे, हा प्रश्न सर्वांआधी विचारला पाहिजे.

निष्कर्ष

१. कोणतीही एकच खूण निर्णायक मानू नये. किमान तीन स्वतंत्र खुणा जुळल्यावरच ओळख निश्चित करावी.

२. बोर्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि बायोसची ओळ, हार्डडिस्कवरील सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे रजिस्टरमध्ये नोंदवावेत. बॅटरी संपल्याने बायोसमधून हे आकडे पुसले गेले तर डिस्क पुन्हा ओळखविण्यास तेच लागतात.

३. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे यंत्र सोपविण्यापूर्वी निर्लेखन समितीने 'यात काय आहे' या रकान्याची भर घालावी.

भंगारात गेलेला बोर्ड कदाचित दुसरीकडे मिळेल. त्याच्या डिस्कवर असलेली एखाद्या गावाची मराठीतील नोंद पुन्हा मिळणार नाही.