जळालेले ऑइल कुत्र्याला लावू नका

परंड्यात पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की आमच्या दारात एकच प्रश्न येतो. "सिस्टर, कुत्रं रात्रभर खाजवतंय, काय लावावं?" आम्ही माणसांच्या दवाखान्यातल्या नर्स, जनावरांचे डॉक्टर नव्हे. पण वस्तीत विचारायला जवळचे माणूस आम्हीच. म्हणून घरी काय करता येते आणि काय मुळीच करू नये, तेवढे इथे लिहितो.

मागच्या पावसाळ्यात विहाराच्या ओट्यावर झोपणाऱ्या तांबड्या कुत्र्याचे पाठीवरचे केस गेले. कुणीतरी कळवळून गॅरेजातून जळालेले ऑइल आणले आणि त्याला माखले. त्याने ते दिवसभर चाटले. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, मग धाप, आणि तिसऱ्या दिवशी कुत्रा गेला. लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच उपाय सांगतात. पण इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये धातूंचे कण आणि विषारी द्रव्ये असतात. ते कातडी भाजते, चाटल्यावर पोटात जाते, ओकताना फुप्फुसात उतरते.

रॉकेल, फिनेल, डांबर गोळ्यांची पूड, तंबाखूचे पाणी यांचेही तेच. खोबरेल तेलात कापूर घालून लावतात, तोही नको. कापूर चाटला तर कुत्र्याला झटके येऊ शकतात. गायी-म्हशींचे गोचिडाचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून ओतणे तर सर्वांत धोक्याचे, आणि घरात मांजर असेल तर तिच्याही जिवावर बेतते. कुत्रा अंग चाटणारच. म्हणून चाटून पोटात गेले तरी चालेल, तेवढेच त्याच्या अंगाला लावायचे.

आधी खाज कशाची ते बघू. जुना पांढरा कपडा ओला करून जमिनीवर अंथरा, त्यावर कुत्र्याला उभे करा आणि लिखा काढायच्या बारीक फणीने शेपटीच्या मुळापासचे केस विंचरा. काळे कण पडले आणि ओल्या कपड्यावर त्यांचे तांबूस डाग उमटले तर त्या पिसवा. ते कण म्हणजे पिसवांनी पिऊन टाकलेले कुत्र्याचेच रक्त. बोटांच्या बेचक्यांत, कानांत, मानेखाली राखाडी दाण्यासारखे काही चिकटलेले असेल तर गोचीड. कानांच्या कडा आणि कोपरे खरबरीत होऊन केस जात असतील, कानाची कड चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला लागत असेल, तर बहुधा खरूज. ती घरच्या उपायाने जात नाही.

विंचरताना, धुताना कुत्रा दुखून चावू शकतो, अगदी घरचासुद्धा. थोडा वेळ मऊ कापडाने तोंड बांधा. धापा टाकत असेल तर बांधू नका. लेकरांना लांब ठेवा. दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची पहिली सुई घ्या. पुढच्या तारखा डॉक्टर देतील, त्या एकही चुकवू नका.

आंघोळीला कोमट किंवा साधे पाणी, आणि लहान मुलांचा सौम्य शाम्पू. कपड्यांची पावडर नको, कातडी कोरडी पडून खाज वाढते. फेस आधी मानेभोवती लावा, नाहीतर पिसवा डोक्याकडे पळतात. दहा मिनिटे फेस ठेवून साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि चांगले पुसा. आठवड्यातून एकदा पुरे. लिंबाच्या पाल्याचे उकळून थंड केलेले पाणी शेवटी अंगावर घातले तर चालते. त्याने थोडा आराम पडतो, खरूज बरी होत नाही. लाल झालेल्या जागेवर गार पाण्याची घडी पाच-दहा मिनिटे ठेवा. खाजवून चिघळले असेल तर पाणी उकळून कोमट होऊ द्या, एका ग्लासात पाव चमचा मीठ घालून त्याने पुसा. चाटू नये म्हणून जुना बनियन घाला, पुढचे पाय बाह्यांतून काढून. आमच्या गल्लीतले एक कुत्रे आठवडाभर असे बनियन घालून हिंडत होते. पोरे हसली, पण जखम भरली.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका, काडीने भाजू नका.

कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याच्या कितीतरी पट पिसवांची अंडी आणि अळ्या त्याच्या पोत्यात आणि फरशीच्या फटींत असतात. म्हणून पोते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका, रोज कोपरे झाडा, फटी बुजवा. हे महिना-दीड महिना चालू ठेवावे लागते. घरात शेतातले कीटकनाशक फवारू नका, तिथे रांगती लेकरे असतात.

आता एक गोष्ट, जिच्यावरून वस्तीत भांडणे होतात. लेकराला खरूज झाली की दोष कुत्र्यावर जातो आणि त्याला दगड मारून हाकलतात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ आणि रात्री जास्त खाज, ही बहुतेक वेळा माणसाकडून माणसाला झालेली खरूज असते. तिला घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावे लागते, खाज नसली तरी. कुत्र्याच्या खरजेचा किडाही माणसाला चावतो. पण तो आपल्या अंगावर वाढत नाही. कुत्र्यावर इलाज झाला की काही आठवड्यांत आपली खाज थांबते. दोन्ही वेळा कुत्र्याला हाकलून लेकरू बरे होत नाही.

केस झपाट्याने जात असतील, पू किंवा घाण वास असेल, कुत्रा खात नसेल, नाकातून रक्त येत असेल किंवा लहान पिल्लू असेल तर घरी थांबू नका. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गायी-म्हशीवाल्यांचा आहे, असे आपल्यातल्या पुष्कळांना वाटते. एका दवाखान्यात आम्हालाही "जनावर कुठंय?" असे विचारले होते. आम्ही कुत्र्याकडे बोट दाखवले आणि ओळीत उभे राहिलो. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांकही आहे.

खरजेची गोळी किंवा इंजेक्शन वजनावर मोजून देतात, जास्त झाले तर जिवावर येते. म्हणून दुसऱ्याच्या कुत्र्याचे उरलेले औषध देऊ नका, आणि जाण्याआधी वजन करून घ्या. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा.