सशाच्या शिकारीचं पंचांग

१९५१ साली 'रॅबिट फायर' नावाचं एक छोटंसं कार्टून आलं. झाडाला पाटी डकवलेली : सध्या सशाचा हंगाम. बग्ज बनी ती टर्रकन फाडतो, तर खाली बदकाच्या हंगामाची पाटी. डॅफी डक तीही फाडतो, खाली पुन्हा ससा. फाडता फाडता शेवटी पाटी निघते ती खुद्द शिकाऱ्याच्या, एल्मर फडच्या नावाची, आणि त्याला पळता भुई थोडी होते.

आपल्याला हा निव्वळ धिंगाणा वाटतो. अमेरिकेत मात्र सशाचा हंगाम ही खरोखरची सरकारी गोष्ट आहे, आणि प्रत्येक राज्याचं पंचांग निराळं. मिझुरीत १ ऑक्टोबरला हंगाम उघडतो आणि १५ फेब्रुवारीला मिटतो. टेक्सस आणि कॅन्सासमध्ये बारा महिने तेरा काळ मोकळीक. ससा बिचारा राज्याची हद्द ओलांडून पलीकडे गेला, की त्याचं राशिभविष्यच बदलतं.

आधी बाळंतपण, मग बंदूक

शिकारीचा मुहूर्त थंडीतच का? कारण सशाचं बाळंतपण. अमेरिकेतला कॉटनटेल, म्हणजे कापसाच्या बोंडासारख्या पांढऱ्या शेपटीचा ससा, वसंतात सुरू होतो तो उन्हाळा सरेपर्यंत थांबत नाही. गर्भ जेमतेम २८ दिवसांचा. एका वेळी चार-पाच पिल्लं. आणि विणं आटोपल्यावर काही तासांतच मादी पुन्हा नराच्या शेजारी!

घरटं म्हणजे गवतात उकरलेला ओंजळभर खळगा. मादी आपल्याच पोटावरचे केस उपटून त्यात गादी घालते, वर वाळक्या गवताची गोधडी ओढते आणि निघून जाते. दिवसभर ती तिथे फिरकतही नाही. पहाटे आणि संध्याकाळी येऊन घाईघाईने पाजते, पुन्हा गुडूप. तिचा वास घरट्यापाशी रेंगाळला तर कोल्ह्याला पत्ता लागेल ना! गवत कापायचं यंत्र फिरवताना अचानक हा खळगा समोर येतो आणि भल्याभल्यांना घाम फुटतो. पिल्लं दोन-तीन आठवड्यांत घराबाहेर पडतात, म्हणून शेवटची वीण सुटी झाली की पाटी लावायची, असा साधा हिशेब.

आता खरी गंमत. हंगाम दोन आठवडे अलीकडे ओढा नाहीतर पलीकडे, सशाला फारसा फरक पडत नाही. कॉटनटेलपैकी शंभरातले ऐंशीच्या आसपास वर्षभरात मरतातच, बंदूक असो वा नसो. कोल्हा, कोयोट, घुबड, मांजर, मोटार, बर्फ, सगळे वाटेकरी. आणि हो, ससाणा. संस्कृतात त्याचं एक नावच 'शशादन', ससा खाणारा. शिकारी जे चार ससे नेतो त्यातले बरेचसे एरवी या मंडळींच्या वाट्याला गेलेच असते. ससे वाढवायचे असतील तर तिथलं वन्यजीव खातं तारखेपेक्षा बांधाकडे बोट दाखवतं : काटक्याकुटक्यांचे ढीग रचा, झुडपं राखा. यंत्रांनी शेतं सफाचट केली आणि लपायला जागाच उरली नाही, हे खरं दुखणं. मला विचाराल तर बंदुकीवरची निम्मी चर्चा बांधावर व्हायला हवी.

पहिलं हिव पडू दे

जुने शिकारी मात्र सरकारी तारखेवर विश्वास ठेवत नाहीत. जमीन एकदा कडक गोठू दे, मग बघू, असा त्यांचा खाक्या. कारण टुलारेमिया, त्यांच्या बोलीत 'रॅबिट फीव्हर'. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या टुलारी परगण्यात जमिनीवरच्या खारींमध्ये हा रोग सापडला, त्यावरून नाव पडलं. गोचिड्या तो पसरवतात, आणि आजारी ससा उघड्या हातांनी सोलला तर माणसालाही होतो. गोठण पडली की गोचिड्या थंडावतात. तरी अनुभवी शिकारी हातमोजे घालतो, पोट फाडल्यावर आधी काळीज, म्हणजे यकृत, बघतो. त्यावर मोहरीपेक्षा बारीक पांढरे ठिपके दिसले, की ससा सरळ टाकून द्यायचा. मोह नाही.

दुसरं कारण किळसवाणं आहे, जेवताना वाचत असाल तर पुढच्या मथळ्यावर उडी मारा. उन्हाळ्याअखेर सशाच्या मानेपाशी कातड्याखाली एका माशीची लिंबोळीएवढी अळी मुक्कामाला असते. मांसाला त्याने काही होत नाही म्हणतात. भूक मात्र मरते.

ससेहोलपट, अगदी गोल

बीगल जातीची कुत्री माग काढत भुंकत सुटली की कॉटनटेल दूर पळून जात नाही. आपला ओळखीचा इलाखा सोडायला तो नाखूश. मोठं वर्तुळ घेऊन तो जवळपास निघाला तिथेच परत येतो. म्हणून कसलेला शिकारी धावतच नाही, बुडखा बघून उभा राहतो आणि कुत्र्यांचा आवाज कुठून वळतोय ते ऐकतो. 'ससेहोलपट' हा शब्द इथे नेमका बसतो.

'ससेमिरा' मात्र इथे लावू नका. त्याचा सशाशी काडीचा संबंध नाही. मित्रद्रोह करून वेडा झालेला राजपुत्र 'स, से, मि, रा' एवढंच बरळत होता, आणि ही चार अक्षरं म्हणजे चार श्लोकांची आद्याक्षरं, अशी ती सिंहासनबत्तिशीतली गोष्ट.

नेपोलियनला पळवणारे

१८०७ सालची गोष्ट म्हणून सांगतात. नेपोलियनसाठी मार्शल बर्तिए याने सशांची शिकार मांडली, पण रानातले ससे गोळा करायचे सोडून पाळीव आणले. पिंजरे उघडले आणि ससे पळण्याऐवजी सम्राटाकडेच झेपावले. त्यांना वाटलं, चारा घालणारा आला! सम्राट गाडीत बसून सटकला. ही हकीकत जनरल तिएबो याच्या आठवणींतली. तिखटमीठ किती लावलंय ते त्याचं तो जाणे.

चोवीस सशांचा पराक्रम

हंगामबिंगाम काही नकोच, अशी वेळ एका देशावर आली. १८५९च्या नाताळात टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराकडे, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात बार्वन पार्क इथे, इंग्लंडहून २४ ससे आले. हेतू एकच, रविवारी शिकारीला चार जनावरं असावीत. आठ वर्षांनी राणी व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड तिथे येऊन मनसोक्त बंदूक चालवून गेला. त्याआधी १७८८च्या पहिल्या जहाजांतूनही ससे आले होते, पण ते घरबशे. ऑस्टिनच्या सशांमध्ये रानटी रक्त होतं, आणि आजच्या ऑस्ट्रेलियन सशांचं मूळ त्यांच्यातच आहे असं जनुकीय अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवून दिलं. वर्षाला साधारण १०० किलोमीटर या वेगाने त्यांनी खंड पादाक्रांत केला.

मग सुरू झाले उपाय. १८८७ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने २५,००० पौंडांचं बक्षीस लावलं. पॅरिसहून लुई पाश्चरने कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू देऊन आपल्या भाच्याला पाठवलं. सरकारने ना जंतू पसरू दिले ना बक्षीस दिलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाने कुंपण घातलं. १९०७ मध्ये पुरी झालेली त्याची पहिली ओळ १,८३३ किलोमीटर लांब (मुंबई-दिल्ली रेल्वेने १,४०० सुद्धा भरत नाही). उंटांवरून, सायकलींवरून पहारेकरी फिरायचे. पण कुंपण पुरं होण्याआधीच ससे पलीकडे जाऊन बसले होते!

शेवटी १९५०मध्ये मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडला. डासांनी तो वाहून नेला आणि सुमारे ६० कोटी सशांचे दोन वर्षांत १० कोटी उरले, असा अंदाज सांगतात. त्याच सुमारास माणसांत मेंदूज्वर पसरला आणि लोकांनी बोट विषाणूकडे दाखवलं. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयान क्लुनीस रॉस या तिघांनी तोच विषाणू स्वतःला टोचून घेतला. काही झालं नाही. याच फेनरने पुढे १९८० मध्ये देवी रोग संपल्याची घोषणा जागतिक आरोग्य सभेसमोर केली. सशांचं काय झालं म्हणाल, तर उरलेले विषाणूला पुरून उरले आणि पुन्हा वाढले.

एक पदक, एक मिक्सर

फ्रान्समध्ये डॉक्टर आर्मां-दलिल यांना आपल्या भिंतबंद बागेतले ससे नकोसे झाले. १९५२ मध्ये त्यांनी दोन सशांना तोच विषाणू टोचला. भिंत डासांना काय अडवणार! दोन वर्षांत फ्रान्समधले ९० टक्के रानससे गेले आणि विषाणू खाडी ओलांडून इंग्लंडात पोचला. शिकारी कोर्टात गेले, डॉक्टरांना दंड झाला. मग १९५६ मध्ये त्यांना सुवर्णपदक मिळालं : एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला मेलेला ससा.

न्यूझीलंडचे शेतकरी आणखी घरगुती निघाले. १९९७ मध्ये सरकारने सशांचा नवा विषाणू आणायला परवानगी नाकारली. पठ्ठ्यांनी तो चोरून आणला आणि मेलेल्या सशांची काळजं-फुप्फुसं स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये फिरवून रानात शिंपडली. पुढे त्या मिक्सरात कोणी चटणी वाटली का, हे इतिहास सांगत नाही. तिथल्या अलेक्झांड्रा गावात सशांची मोठी सामुदायिक शिकार होते ती ईस्टरला, म्हणजे सगळं जग चॉकलेटचा ससा खात असतं तेव्हा.

जिथे ससा हवाही आणि नकोही

मूळचा युरोपीय ससा स्पेन-पोर्तुगालचा. बॅलेरिक बेटांवरच्या लोकांनी सशांमुळे पिकं बुडतात म्हणून रोमच्या ऑगस्टस बादशहाकडे चक्क फौज मागितली होती, असं प्लिनी लिहितो. आणि आज याच मायदेशात तो धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. फ्रेंच डॉक्टरांचा प्रसाद तिथवर पोचला, पुढे दुसरा विषाणू आला, आणि सशांवरच जगणारा आयबेरियन लिंक्स हा रानबोका उपाशी पडला. २००२ मध्ये तो शंभराच्या आत होता, आता दोन हजारांवर गेलाय.

पण स्पेनमध्ये रेल्वेच्या नि महामार्गांच्या भरावांत मात्र सशांची बिळं गच्च, आणि शेजारचा द्राक्षवाला हैराण. म्हणून तिथे नेहमीच्या हंगामाखेरीज भर उन्हाळ्यातही 'देस्कास्ते' नावाची शिकार चालते. एकाच देशात एक माणूस पिंजऱ्यातून ससे आणून सोडतोय, दुसरा बंदूक घेऊन उभा आहे. दोघांचंही बरोबर आहे.

नाव घेऊ नका

आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, 'लांबडं' म्हणतात. इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावर तोच मान सशाला. बिळांमुळे दगडखाणीत दरडी कोसळत, म्हणून तिथे 'रॅबिट' हा शब्द उच्चारायचा नाही, 'लांबकान्या' म्हणायचं. २००५ मध्ये वॉलेस आणि ग्रॉमिट या ॲनिमेशनमधल्या जोडीच्या सशावरच्या चित्रपटाची जाहिरात लागली तीसुद्धा तो शब्द गाळून!

आणि आपला ससा?

रात्री गाडीच्या उजेडात सापडून रस्त्याच्या मधूनच नागमोडी पळत राहतो, तो आपला ससा. तो बीळ खणत नाही, त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. बिळातल्या युरोपीय सशाची आंधळी, उघडीनागडी. इंग्रजीत दोघांना दोन नावं, मराठीत दोघेही ससेच. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे. पाटी नाही, तारीख नाही, वाद नाही. निदान कागदावर.

शिंगवाल्या सशाचा हंगाम

वाळूतून तेल एक वेळ निघेल, सशाचं शिंगही एक वेळ सापडेल, मूर्खाची समजूत मात्र निघणार नाही, असं भर्तृहरी म्हणून गेला. सशाचं शिंग सापडलं. रिचर्ड शोप या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये कॉटनटेलच्या डोक्यावर शिंगासारखी वाढ करणारा विषाणू शोधून काढला. २०२५ मध्ये कोलोरॅडोतल्या असल्याच सशांचे फोटो मोबाइलवर फिरत होते.

वायोमिंगमधल्या डग्लस गावाने तर शिंगवाल्या सशाला, जॅकलोपला, ग्रामदैवत करून टाकलंय. तिथे जॅकलोपच्या शिकारीचा रीतसर परवाना मिळतो. शिकाऱ्याचा बुद्ध्यांक ७२च्या वर नसावा, ही अट. हंगाम वर्षातून एकच दिवस, मध्यरात्री बारा ते दोन. तारीख : ३१ जून.