कुठला पैसा कुठल्या कामाला?

फेब्रुवारी सरत आला की तालुक्याच्या गावांतल्या लहान संस्थांचे फोन वाजू लागतात. पलीकडे एखाद्या कंपनीचं सीएसआरचं, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या खर्चाचं, काम पाहणारा अधिकारी असतो आणि प्रश्न ठरलेला असतो : ‘मार्चअखेर खर्च दाखवता येईल असं काही आहे का तुमच्याकडे?’ संस्थाचालक ‘हो’ म्हणून मोकळा होतो. मग गरजेचं होतं ते मागे पडतं आणि महिनाभरात विकत घेता येतं ते दारात येऊन पडतं. मुलींच्या कबड्डी संघाला सरावासाठी सपाट जागा नाही, पण ट्रॅकसूट आहेत. अभ्यासिकेत संगणक आहेत, पण संध्याकाळी कुलूप उघडायला माणूस नाही.

युवकांसाठी किंवा वस्तीसाठी काम करणाऱ्यांची तक्रार असते, ‘पैसाच मिळत नाही.’ ती पूर्ण खरी नाही. पैसा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी आहे. पण प्रत्येक पैशाला स्वतःच्या अटी असतात. आमदार निधी भिंत बांधून देईल, तिच्या आत शिकवणाऱ्या ताईचं मानधन देणार नाही. सरकारी योजना साहित्य देईल, पण पहिला हप्ता कधी येईल ते सांगणार नाही. म्हणून ‘पैसा कुठे मिळेल?’ असं विचारण्याआधी ‘कुठल्या खर्चासाठी कुठला पैसा?’ असं विचारायला हवं.

एक अंदाजपत्रक उघडून पाहू

समजा, एका गावात 40 मुलामुलींसाठी संध्याकाळची अभ्यासिका आणि युवा केंद्र चालवायचं आहे. वर्षाचा खर्च साधारण असा मांडता येईल. दोन कार्यकर्त्यांचं मानधन दरमहा प्रत्येकी 10,000 प्रमाणे 2,40,000 रुपये. पुस्तकं आणि साहित्य 60,000. वीज, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती 36,000. शिबिरं आणि मार्गदर्शकांचा खर्च 50,000. प्रवास 30,000. हिशेब, ऑडिट आणि कार्यालय 24,000. एकूण 4,40,000 रुपये, म्हणजे प्रत्येक मुलामागे वर्षाला 11,000.

यातली पहिली ओळ निम्म्याहून मोठी आहे. युवकांच्या कामात माणूस हाच मुख्य खर्च असतो, आणि बहुतेक देणगीदार नेमके तिथेच हात आखडता घेतात. त्यामुळे ज्या खर्चाला जवळपास सोय आहे तो आधी वेगळा काढावा. लवचीक पैसा माणसांसाठी राखून ठेवावा.

गावातच असलेला पैसा

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत हा पैसा वर्षअखेरीस कसाबसा मार्गी लावला जातो. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होताना ग्रामसभेत उभं राहून ‘समाजमंदिराची खोली संध्याकाळी अभ्यासिकेला द्या, वीजबिल पंचायतीने भरावं’ असा ठराव मांडला, तर त्याला वेगळा अर्ज लागत नाही. ठरावाची नक्कल मात्र ताब्यात घ्यावी. पुढे प्रत्येक देणगीदाराला ती दाखवता येते.

पुस्तकांसाठी नवं ग्रंथालय काढायची गरज नसते. राज्यात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं गावोगावी आहेत. त्यांना अ, ब, क, ड अशा दर्जानुसार अनुदान मिळतं. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून देशभरातल्या ग्रंथालयांना साहाय्य करतं. अभ्यासिका अशा वाचनालयाला जोडून घेतली तर पुस्तकांचा खर्च बराच हलका होतो.

खेळाचं साहित्य किंवा व्यायामशाळा हवी असेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास या अनुदान योजनांची चौकशी करावी. 1972 मध्ये सुरू झालेल्या नेहरू युवा केंद्रांचं जाळं जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलं, आणि 31 ऑक्टोबर 2023 पासून ‘मेरा युवा भारत’ हे नवं व्यासपीठही उभं राहिलं आहे. इथे गावच्या युवक मंडळाची नोंद करून ठेवणं फायद्याचं असतं. जवळच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना असेल तर स्वयंसेवकांना वर्षाला 120 तास सेवाकार्य करायचं असतं, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. हे तास रोख रकमेत मोजले जात नाहीत, पण भिंती रंगवण्यापासून घरोघरच्या पाहणीपर्यंत बरंच काम त्यांत होतं.

खासदार निधी 1993 पासून आहे आणि आज प्रत्येक खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात. त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी करायची असते. खोली, कुंपण, पाण्याची सोय यांसाठी तो उत्तम. मानधनासाठी तिथे खेपा घालणं व्यर्थ.

कंपन्यांचे 2 टक्के

कंपनी कायद्याचं कलम 135 लागू झालं 1 एप्रिल 2014 पासून. नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतली एक पायरी जरी कंपनीने ओलांडली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम तिला समाजकार्यावर खर्च करावी लागते. कुठल्या कामांवर, ते कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलं आहे. शिक्षण, रोजगारक्षम कौशल्यं, ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण, ग्रामविकास हे सगळं त्यात बसतं.

हा पैसा राज्यांमध्ये सर्वांत जास्त येतो तो महाराष्ट्रात. पण तो मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात साचतो, कारण कायदाच कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे आपले चार आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेले, जिल्हे. तिथल्या संस्थांनी अर्जात हे ठळकपणे मांडायला हवं. बाकीच्यांनी आधी आपल्या एमआयडीसीत फेरी मारावी. कोणती कंपनी कुठल्या जिल्ह्यात कशावर खर्च करते हे केंद्र सरकारच्या सीएसआर संकेतस्थळावर पाहता येतं. एखादी कंपनी आरोग्यावरच खर्च करत असेल तर तिच्याकडे अभ्यासिकेचा अर्ज पाठवून वर्ष का घालवायचं?

दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली : काम राबवणारी संस्था कंपनीने किंवा सरकारने स्थापलेली नसेल, तर तिला त्या प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. काल नोंदवलेल्या मंडळाला सीएसआर थेट मिळत नाही. अशा मंडळाने जुन्या, विश्वासू संस्थेच्या छत्राखाली काम सुरू करावं आणि स्वतःची तीन वर्षं शांतपणे भरून काढावीत.

दुसरी गोष्ट ‘5 टक्क्यां’ची. ‘प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही’ असं संस्थांना सर्रास ऐकवलं जातं आणि त्या बिचाऱ्या कार्यकर्त्यांचं मानधन अर्ध्यावर आणतात. प्रत्यक्षात ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरला जात नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकातून याचा खुलासा केला आहे. अभ्यासिका चालवणारी ताई म्हणजे प्रशासन नव्हे. ताई म्हणजेच प्रकल्प. हे अंदाजपत्रकात तसंच लिहावं : ‘युवा समन्वयक, दररोज चार तास, 40 मुलं.’

मार्चच्या त्या घाईवरही इलाज आहे. 2021 च्या बदलांनंतर कंपनी एखादं काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करू शकते. सुरू झालेलं वर्ष सोडून तो आणखी तीन वर्षांपर्यंत चालतो आणि न खर्चलेली रक्कम त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवता येते. म्हणून मागणी एका वर्षाची न करता तीन वर्षांची करावी. अर्ज पाठवायचा तो एप्रिल ते जूनमध्ये. फेब्रुवारीपर्यंत थांबलात की पुन्हा ट्रॅकसूटच.

फाइल उघडताच दिसणारी भोकं

अर्ज नाकारला जातो तो बहुधा कल्पनेमुळे नाही, कागदांमुळे. आपल्याकडे संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली तरी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही तिची नोंद होते. तिथल्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर विश्वस्तांची नावं असतात. अनेक संस्थांच्या उताऱ्यावर दिवंगत अध्यक्ष अजून पदावर आहेत, कारण फेरफार अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला ‘चेंज रिपोर्ट’, 90 दिवसांत दाखलच झालेला नाही किंवा दाखल होऊन पडून आहे. बँकेत सही एकाची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. देणगीदाराचा लेखापाल तिथेच फाइल मिटतो.

यापुढचे टप्पे क्रमाने घ्यावेत. संस्थेचा पॅन, प्राप्तिकराची 12ए आणि 80जी या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी, नीती आयोगाच्या ‘दर्पण’वरचा क्रमांक, आणि सीएसआर घ्यायचा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1. 1 एप्रिल 2021 पासून हा शेवटचा अर्ज बंधनकारक आहे. 12ए आणि 80जी आता कायमस्वरूपी नसतात. सुरुवातीची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते, त्यानंतरची ठरावीक मुदतीची. मुदत संपण्याची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावी.

80जीच्या पावत्या दिल्या तर दरवर्षी 31 मेपर्यंत देणगीदारांचं विवरण 10बीडी या अर्जात भरावं लागतं, नाहीतर दिवसाला 200 रुपये शुल्क चढत जातं. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे दात्याला आधीच सांगावं. आणि नोंदणीच नसलेल्या मंडळाने लोकांकडून पैसे गोळा करायचे तर कलम 41क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळांना हे चांगलंच ठाऊक असतं. वाचनालयासाठी वर्गणी काढणाऱ्या तरुणांना ते ठाऊक नसतं.

परदेशातल्या नातेवाइकांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी परदेशी देणगी नियमन कायदा वाचल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नये. त्यासाठी संस्थेला किमान तीन वर्षं पूर्ण आणि त्या काळात कामावर 15 लाखांचा खर्च हवा. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 20 टक्के आहे. इथली मर्यादा मात्र खरोखर संस्थेवरच आहे. लहान संस्थेने सुरुवातीला या वाटेला न जाणंच शहाणपणाचं.

अर्जातलं पहिलं वाक्य

बहुतेक अर्ज असे सुरू होतात : ‘ग्रामीण युवकांचा सर्वांगीण विकास साधून त्यांना मुख्य प्रवाहात आणणे हे संस्थेचे ध्येय आहे.’ हे वाक्य राज्यातल्या कुठल्याही संस्थेला लागू पडतं, म्हणून कुणालाच लागू पडत नाही. त्याऐवजी असं काही लिहिलेलं पाहा : ‘गावात 16 ते 22 वयाच्या 64 मुली आहेत. बारावीनंतर 23 जणींनी शिक्षण सोडलं. त्यांतल्या 19 घरांनी कारण सांगितलं, संध्याकाळी पाचनंतर परतीची एसटी नाही.’ आकडे इथे नमुन्यादाखल आहेत. पण अशी पाहणी दोन कार्यकर्ते आणि एक वही यांवर आठवड्याभरात होते, आणि ती झाली की मागणीच बदलते. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांऐवजी गावातच अभ्यासाची जागा मागितली जाते, किंवा आगाराकडे फेरीचं निवेदन जातं, ज्याला अनुदान लागतच नाही.

पुढे किती कार्यक्रम झाले यापेक्षा काय बदललं ते लिहावं. ‘12 शिबिरं घेतली’ हा हिशेब झाला. ‘23 पैकी 9 जणींनी पुन्हा प्रवेश घेतला’ हा परिणाम झाला. आकडा लहान असला तरी चालतो, खोटा चालत नाही. सरकारी अनुदानाचा पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर अडतो. त्यामुळे बिलं महिन्याच्या महिन्याला लावलेली असावीत. आणि ‘एवढे टक्के द्या, सीएसआर मिळवून देतो’ म्हणणारा मध्यस्थ भेटला तर चहा पाजून निरोप द्यावा.

पावतीपुस्तकाची जागा

मोठी देणगी मिळाली की लहान पावत्या बंद करायचा मोह होतो. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव मिळालं. त्या काळी हा आकडा अवाढव्य होता. तरी 1929 मध्ये सत्तरीला आलेले कर्वे विद्यापीठाचं काम सांगत, निधी जमवत परदेशांच्या दौऱ्यावर निघालेच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांनाही घराघरातल्या मूठभर धान्याचा आधार होता.

ही रीत आजही नव्या रूपात दिसते. पुण्यात 2005 पासून पितृपक्षात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरतं आणि लहान संस्था थेट दात्यांसमोर बसतात. ‘लोकसत्ता’ 2011 पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक धनादेश पाठवतात. अशा पैशाला फारशा अटी नसतात. ऑडिटरची फी, एसटीचं तिकीट, दोन अनुदानांच्या मधल्या कोरड्या महिन्यांतलं मानधन यांना नेमका हाच पैसा उपयोगी पडतो.

आता आपलं अंदाजपत्रक पुन्हा मांडून पाहा. मानधन आणि शिबिरं, म्हणजे 2,90,000 रुपये, कंपनीकडे तीन वर्षांसाठी मागायचे. पुस्तकांचे 60,000 वाचनालयाच्या वाटेने. वीज, इंटरनेट आणि दुरुस्तीचे 36,000 ग्रामपंचायतीकडून. उरले प्रवास आणि हिशेबाचे 54,000, म्हणजे महिन्याला 4,500. दरमहा 100 रुपये देणारी 45 घरं. कंपनीचा अधिकारी बदलतो, योजनेचं नाव बदलतं, सरकार बदलतं. अभ्यासिका आठवडाभर बंद राहिली तर जाब विचारायला येतील ती ही 45 घरं. त्यांची यादी अजून झाली नसेल, तर कंपनीकडे पाठवायचा अर्ज चार दिवस थांबला तरी चालेल.