सुईने मांडलेला सामी इतिहास

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तर टोकाला सामी लोक राहतात. त्यांचा इतिहास बराच काळ इतरांनीच लिहिला. स्वीडनच्या सामी कलाकार ब्रिट्टा मराक्कत-लाब्बा यांनी तो सुईदोऱ्याने पुन्हा मांडला. ‘हिस्तोर्या’ हा त्यांचा भरतकामाचा पट सुमारे २४ मीटर लांब, उंची मात्र हातभरही नाही. २००३ ते २००७ ही वर्षे त्यात गेली. तागाच्या पांढऱ्या कापडावर जंगल, देवता, रेनडियरचे कळप येतात, आणि १८५२ चे नॉर्वेतल्या कौटोकेनो गावचे सामींचे बंडही. त्या बंडाबद्दल १८५४ मध्ये दोघा सामींचा शिरच्छेद झाला. त्यांच्या कवट्यांना माती मिळाली ती थेट १९९७ मध्ये. भरतकामाला ‘बायकांचा विरंगुळा’ म्हणणाऱ्यांनी हा पट जरूर पाहावा. तो नॉर्वेच्या ट्रोम्सो विद्यापीठात आहे.