किलिमांजारोची स्वस्तातली चढाई : बचत कशात करावी, कशात करू नये?

आफ्रिका खंडातील सर्वोच्च पर्वत असलेला किलिमांजारो दरवर्षी जगभरातील हजारो हौशी गिर्यारोहकांना आकर्षित करतो. टांझानियाच्या ईशान्येस, विषुववृत्तापासून सुमारे तीन अंश दक्षिणेला असलेल्या या पर्वताची उंची ५,८९५ मीटर आहे. एवढी उंची असूनही त्याच्या प्रचलित मार्गांवर दोरखंड किंवा कडे चढण्याचे तंत्र लागत नाही. चांगली प्रकृती आणि चिकाटी असलेली व्यक्ती पायी चालत शिखरावर पोहोचू शकते. त्यामुळे सात खंडांतील सर्वोच्च शिखरांपैकी सामान्य पर्यटकाच्या सर्वाधिक आवाक्यातील शिखर अशी त्याची ख्याती झाली आहे. भारतातून, विशेषतः गिरिभ्रमणाची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातूनही, तेथे जाणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे.

मात्र ही चढाई स्वस्त नाही. हिमालयातील अनेक पदभ्रमणांच्या तुलनेत तिचा खर्च कितीतरी जास्त येतो. साहजिकच मर्यादित खिशाचा प्रवासी स्वस्तातील स्वस्त कंपनीच्या शोधात असतो. ही बचत योग्य ठिकाणी केली तर चढाई खरोखरच आवाक्यात येते. चुकीच्या ठिकाणी केली तर तिची किंमत प्रवाशाच्या प्रकृतीला किंवा त्याचे सामान वाहणाऱ्या हमालाला मोजावी लागते. त्यामुळे हा खर्च नेमका कसा बनतो, हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

स्वतंत्रपणे चढाई का करता येत नाही?

किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९७३ मध्ये झाली आणि १९८७ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. उद्यानाच्या नियमांनुसार पर्यटकाला एकट्याने चढाई करता येत नाही. परवानाधारक मार्गदर्शक सोबत असणे सक्तीचे असून ही व्यवस्था नोंदणीकृत स्थानिक कंपनीमार्फत करावी लागते. पाठीवर तंबू टाकून, स्वतःचा शिधा स्वतः शिजवत शिखर गाठण्याची सह्याद्रीतील किंवा हिमालयातील पद्धत येथे चालत नाही.

खर्चाचा सर्वांत मोठा भाग उद्यानाच्या शुल्काचा असतो. अलीकडच्या वर्षांतील दरपत्रकानुसार परदेशी प्रौढ व्यक्तीला उद्यानातील प्रत्येक दिवसासाठी ७० अमेरिकी डॉलर, तंबूतील प्रत्येक रात्रीसाठी ५० डॉलर आणि बचाव व्यवस्थेसाठी एकदाच २० डॉलर द्यावे लागतात. या रकमेवर १८ टक्के मूल्यवर्धित कर आकारला जातो. याचा अर्थ सात दिवस व सहा रात्रींच्या चढाईसाठी ८१० डॉलर शुल्क आणि त्यावरील कर मिळून सुमारे ९५५ डॉलर केवळ उद्यानाकडे जमा होतात. हे दर वेळोवेळी बदलू शकतात. मात्र ते सर्व कंपन्यांना सारखेच लागू असतात. कोणतीही कंपनी त्यात सवलत देऊ शकत नाही.

स्वस्त प्रस्तावाची पारख करण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे हीच आकडेमोड होय. उदाहरणार्थ, एखाद्या कंपनीने सात दिवसांची चढाई १,१०० डॉलरमध्ये देऊ केली, तर शुल्क वजा जाता तिच्या हाती सुमारे १४५ डॉलर उरतात. एका गिर्यारोहकामागे मार्गदर्शक, स्वयंपाकी आणि हमाल मिळून चार माणसे धरली, तर सात दिवसांचे अठ्ठावीस मनुष्यदिवस होतात. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला जेमतेम पाच डॉलर येतात. शिवाय जेवण, तंबू, वाहन आणि कंपनीचा नफा याच रकमेतून निघायचा असतो. हे गणित प्रामाणिकपणे जुळत नाही. कुठेतरी कात्री लागलेली असते आणि ती बहुधा मजुरी, अन्न किंवा सुरक्षितता यांनाच लागते.

एक दिवस कमी केल्याने काय होते?

शुल्क दिवसागणिक असल्यामुळे खर्च कमी करण्याचा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे दिवस कमी करणे. तंबूच्या मार्गावर एक दिवस वाचवला, तर करासह सुमारे १४० डॉलर वाचतात. परंतु किलिमांजारोवरील यशापयश मुख्यतः या दिवसांवरच अवलंबून असते.

उंचीवरील हवेत प्राणवायूचे प्रमाण समुद्रसपाटीइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. मात्र हवेचा दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासातून शरीराला मिळणारा प्राणवायू कमी होतो. शिखरावर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. या बदलाशी जुळवून घेण्यास शरीराला काही दिवस लागतात. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा सल्ला वैद्यकशास्त्र देते.

मारांगू या सर्वांत जुन्या मार्गावर हा संकेत पाळणे कठीण जाते. तंबूंऐवजी लाकडी निवाऱ्यांची सोय असलेल्या या मार्गावरील मुक्काम अनुक्रमे सुमारे २,७००, ३,७०० आणि ४,७०० मीटरवर आहेत. म्हणजे प्रत्येक रात्री हजार मीटरची वाढ होते. पाच दिवसांत ही चढाई उरकणाऱ्यांना शरीराची जुळवाजुळव करण्यास सवडच मिळत नाही. होरोम्बो येथील दुसऱ्या मुक्कामात एक रात्र अधिक काढून सहा दिवस घेतल्यास धोका कमी होतो.

याउलट माचामे मार्गावर गिर्यारोहक दिवसा सुमारे ४,६०० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढतात आणि रात्री ४,००० मीटरच्या आतील बारांको येथे मुक्कामाला उतरतात. दिवसा उंच चढावे आणि रात्री खाली झोपावे हे तत्त्व तेथे आपोआप पाळले जाते. हा मार्ग सात दिवसांत करणे श्रेयस्कर ठरते. पश्चिमेकडून येणाऱ्या लेमोशो मार्गाला सात ते आठ दिवस लागतात. तो महाग असला तरी सावकाश चढाईसाठी अधिक अनुकूल आहे.

सह्याद्रीतील अनुभव पुरेसा आहे का?

महाराष्ट्रातील गिरिप्रेमींच्या बाबतीत येथे एक गैरसमज संभवतो. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. किलिमांजारोच्या मारांगू आणि माचामे या दोन्ही मार्गांची प्रवेशद्वारे याहून अधिक उंचीवर आहेत. म्हणजेच महाराष्ट्राची उंची जेथे संपते, त्याच्याही वर ही चढाई सुरू होते. सह्याद्रीतील खड्या चढणींमुळे पाय आणि दम निश्चितच तयार होतात, पण विरळ हवेची सवय होत नाही. तरुण आणि तंदुरुस्त व्यक्तीलाही उंचीचा आजार होऊ शकतो. उलट, वेगाने चालण्याची सवय असलेलेच अनेकदा अडचणीत येतात. स्थानिक मार्गदर्शक ‘पोले पोले’, म्हणजे ‘हळूहळू’, असे सतत बजावत असतात, त्यामागे हेच कारण आहे.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि झोप न लागणे ही या आजाराची सुरुवातीची लक्षणे होत. चालताना तोल जाणे, बोलण्यात विसंगती येणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा खोकल्यातून फेस येणे ही मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी तत्काळ खाली उतरणे हाच खरा उपाय असतो. उंचीच्या त्रासासाठी दिले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. लक्षणे लपवून पुढे जाणे धोक्याचे ठरते. चढाईवर खर्च केलेली रक्कम वाया जाईल या भीतीने अनेक जण नेमके तेच करतात.

ओझे कोणाच्या पाठीवर?

किलिमांजारोच्या पायथ्याशी प्रामुख्याने चग्गा समाजाची वस्ती असून केळी व कॉफीची शेती हा त्यांचा पारंपरिक व्यवसाय आहे. जर्मन भूगोलतज्ज्ञ हान्स मायर आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर यांनी १८८९ मध्ये हे शिखर प्रथम सर केल्याची नोंद आहे. त्या मोहिमेलाही स्थानिक वाटाडे आणि हमाल यांचा आधार होता. आजही तंबू, भांडी, शिधा आणि गॅसच्या टाक्या हमालांच्या डोक्यावर व पाठीवरूनच वर जातात.

हमालाकडील ओझे २० किलोपेक्षा अधिक असू नये असा नियम असून प्रवेशद्वारावर वजन केले जाते. तरीही अपुरे कपडे, अपुरे जेवण आणि तुटपुंजी मजुरी या तक्रारी जुन्या आहेत. थंडीने व उंचीच्या आजाराने हमालांचे मृत्यू झाल्याच्या घटनाही घडल्या आहेत. या परिस्थितीत सुधारणा व्हावी यासाठी ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था २००३ पासून कार्यरत आहे. मजुरी, जेवण, निवारा आणि ओझे यांविषयीचे निकष मान्य करणाऱ्या कंपन्यांची यादी ही संस्था ठेवते. अशा यादीतील सर्वच कंपन्या महागड्या नसतात. त्यामुळे काटकसरी प्रवाशाने आपला शोध तेथूनच सुरू करणे उचित ठरते.

कंपनी ठरवताना काही प्रश्न थेट विचारता येतात. हमालांना दिवसाला किती मजुरी मिळते? त्यांना किती वेळा जेवण दिले जाते? ते रात्री कोठे झोपतात? बक्षिसीची रक्कम त्यांच्या हाती कशी पोहोचते? या प्रश्नांना टाळाटाळीची उत्तरे मिळाल्यास सावध व्हावे. किलिमांजारोवर बक्षिसी हा ऐच्छिक खर्च समजला जात नाही. त्यामुळे ती अंदाजपत्रकात आधीच धरलेली बरी.

खरी बचत कोठे होते?

मार्गदर्शक आणि स्वयंपाकी यांचा खर्च विभागला जात असल्याने गटात सामील होणे हा बचतीचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. चार-सहा मित्रांचा गट जमवता आला किंवा कंपनीने ठरवलेल्या तारखांच्या गटात जागा घेतली, तर माणशी खर्च बराच उतरतो. परदेशी मध्यस्थाऐवजी मोशी किंवा अरुशा येथील कंपनीशी थेट संपर्क साधल्यासही दलाली वाचते.

उबदार जाकीट, झोपण्याची पिशवी आणि चालण्याच्या काठ्या मोशीत भाड्याने मिळतात. शिखराच्या रात्री तापमान शून्याखाली १० ते २० अंशांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे भाड्याची पिशवी व जाकीट नीट पारखून घ्यावे. बूट मात्र स्वतःचे आणि पायांना सरावलेलेच असावेत.

पर्वताजवळच किलिमांजारो आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तथापि दार-ए-सलाम किंवा नैरोबीपर्यंत विमानाने आणि तेथून बसने येणे कधीकधी स्वस्त पडते. केनिया आणि इथिओपिया हे देश पीतज्वराचा धोका असलेल्यांच्या यादीत आहेत. त्यामुळे या देशांमार्गे जाणाऱ्यांनी लसीकरणाच्या प्रमाणपत्राचे नियम जाताना आणि भारतात परततानाही तपासून घ्यावेत. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

हंगामाच्या बाबतीत तारतम्य आवश्यक आहे. जानेवारी ते मार्चचा पूर्वार्ध आणि जून ते ऑक्टोबर हा काळ तुलनेने कोरडा असतो. मार्चच्या उत्तरार्धापासून मेपर्यंतच्या पावसाळ्यात गर्दी व दर कमी होतात, पण भिजलेले कपडे आणि उंचावरील हिमवृष्टी यांमुळे धोका वाढतो. केनियाच्या बाजूने चढणारा रोंगाई मार्ग अशा वेळी त्यातल्या त्यात कोरडा असतो. ऐन हंगामाच्या अलीकडचे-पलीकडचे आठवडे निवडणे हा मधला मार्ग ठरू शकतो.

प्रवास विमा घेताना तो ६,००० मीटरपर्यंतच्या चढाईला आणि हेलिकॉप्टरने सुटकेला लागू आहे का, हे वाचून पाहावे. अनेक स्वस्त विमापत्रांत उंचीची मर्यादा घातलेली असते.

वितळते शिखर आणि घाई

अलीकडे आणखी एक कारण पर्यटकांना घाई करायला लावते. १९१२ ते २००७ या काळात किलिमांजारोवरील बर्फाचे क्षेत्र सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. उरलेला बर्फ पाहून घ्यावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. माचामे मार्गावरील अखेरच्या तळाचे नाव ‘बराफू’ असे आहे. स्वाहिलीत त्याचा अर्थ बर्फ असा होतो आणि मराठीतील ‘बर्फ’प्रमाणेच त्याचेही मूळ फारसी भाषेत आहे. याच तळावरून मध्यरात्रीच्या सुमारास शिखराकडे शेवटची वाटचाल सुरू होते.

शिखराला ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव १९६१ मध्ये तत्कालीन टांगानिका स्वतंत्र झाल्यानंतर मिळाले. तेथे पोहोचण्यासाठी लागणारी रक्कम अद्याप जमली नसेल, तर पाच दिवसांची स्वस्त चढाई स्वीकारण्यापेक्षा आणखी एक वर्ष थांबून सात दिवसांची तरतूद करणे अधिक शहाणपणाचे आहे. दरम्यानच्या काळात हिमालयात ४,००० मीटरपर्यंतचे एखादे पदभ्रमण केल्यास विरळ हवेत आपले शरीर कसे वागते, याचा अंदाजही येतो. प्रवास, सामान आणि मध्यस्थ यांवरील खर्चात काटकसर जरूर करावी. दिवस आणि मजुरी यांत मात्र ती करू नये.